वाचनाची सोबत : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्त्रियांचे सहवाचन आणि मैत्र

१

मराठी वाङ्मयेतिहासात 'वाचक' ही संज्ञा बहुधा एकवचनी वापरली जाते. एकीकडे ग्रंथ, दुसरीकडे वाचक, आणि दोहोंमधला व्यवहार एकांतात घडणारा, असे चित्र गृहीत धरून आस्वादाची आणि रसिकतेची चर्चा चालते. संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा या चित्राशी फारशी जुळत नाही. नाट्याच्या प्रेक्षकाला त्या शास्त्राने 'सामाजिक' म्हटले आणि काव्याच्या अधिकारी रसिकाला 'सहृदय'. आस्वादात दुसऱ्या कोणाची तरी उपस्थिती असते, ही जाण या दोन्ही शब्दांत आहे. मुद्रणयुगात ती मागे पडली आणि पुस्तक हाती घेऊन एकटा बसलेला वाचक हाच वाचकाचा नमुना ठरला. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील स्त्रियांच्या वाचनमंडळांचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ लाँग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या नमुन्यालाच हरकत घेतली आहे. कोणी काय वाचावे, वाचलेले कोणाशी बोलावे, हे ठरविणारी जी सामाजिक व्यवस्था असते, ती एकाकी वाचकाच्या प्रतिमेमुळे दिसेनाशी होते, हे त्यांचे प्रतिपादन.

या प्रतिपादनाची कसोटी मराठी भूमीवर घ्यावयाची तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांकडे वळणे अगत्याचे ठरते. या काळातील स्त्रियांच्या वाचनाचा इतिहास सामान्यतः सुधारणेच्या इतिहासाचा एक पोटविभाग म्हणून लिहिला गेला. सुधारकांनी शिकविले आणि स्त्रिया शिकल्या, असे त्याचे कथानक असते. या कथानकातून एक गोष्ट निसटते. साक्षर झालेली स्त्री पतीच्या निकट आली, परंतु त्याच वेळी घरातील अन्य स्त्रियांपासून तुटली. पुढे निघालेल्या स्त्रियांच्या सभा, वर्ग आणि मंडळे या तुटलेल्या सोबतीची भरपाई होती. वाचनातून मैत्री जुळते, हे खरेच आहे. परंतु या स्त्रियांच्या बाबतीत मैत्री ही वाचन टिकून राहण्याची पूर्वअटच होती, असे दिसते.

२

साक्षरतेपूर्वीही स्त्रियांना ग्रंथ अपरिचित नव्हते. श्रीधराचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे ग्रंथ त्यांच्यापर्यंत कानांवाटे पोचले होते. एकाने वाचावे आणि वाती वळत, धान्य निवडत बाकीच्यांनी ऐकावे, ही रीत घरोघरी आणि देवळांतून रुळलेली होती. व्रतांच्या कहाण्यांत तर श्रवणाची अट कथेच्या आतच गोवलेली असते. आदित्यराणूबाईच्या कहाणीत सांगणारा ऐकणारे माणूस शोधत फिरतो. जी मुलगी ऐकत नाही तिच्या घरी दारिद्र्य येते, आणि जी ऐकते तिचे भले होते. ऐकणारे कोणी नसेल तर कहाणी सांगता येत नाही आणि तिचे फळही मिळत नाही. श्रोत्याला एवढे महत्त्व देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या स्त्रियांच्या हाती जेव्हा छापील पुस्तक आले, तेव्हा त्यांना नवे काय वाटले असेल? ते एकटीने वाचावे लागते, हेच त्यांतले सर्वांत अपरिचित असावे.

३

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक न्यायमूर्ती रानड्यांचे जवळून घडलेले दर्शन म्हणून वाचले गेले. त्यातच घरातील स्त्रियांमधल्या दुराव्याची एक समांतर कथा आहे. १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई अक्षरशून्य होत्या. रानड्यांनी लागलीच त्यांना शिकवावयास आरंभ केला आणि पुढे शिकविण्यासाठी सगुणाबाई देव यांची योजना केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. नवऱ्याच्या आग्रहाखातर शिकावे, पण बेताने, असा त्यांचा प्रारंभीचा सल्ला होता. मराठीवरून इंग्रजीकडे मजल गेली तेव्हा टोमणे आणि अबोला सुरू झाला.

या विरोधाला केवळ सनातनीपणा म्हणून बाजूस सारता येत नाही. माजघर हे स्त्रियांच्या श्रमाचे ठिकाण होते, तसेच त्यांच्या संवादाचेही. अभ्यासासाठी उठून जाणारी सून त्या संवादातून उठून जात होती. तिला मिळणारी विद्या इतरजणींपर्यंत पोचणारी नव्हती. ती पतीकडून आलेली आणि पतीकडेच परतणारी होती. रानड्यांची दृष्टी अधू होती आणि रमाबाई त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवीत, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. काशीबाई कानिटकरांचा अनुभवही बराचसा या जातीचा. पतीची, गोविंद वासुदेव कानिटकरांची, इच्छा म्हणून त्या शिकल्या, आणि एकत्र कुटुंबाच्या नापसंतीत त्यांनी आपले वाचन चालू ठेवले. सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात ही ओढाताण उमटली आहे.

पतिपत्नींमधल्या या वाचनाचा आदर्श गुरुशिष्यांचा होता. त्यात जिव्हाळा होता, पण समानता नव्हती. काय वाचावे हे एकाने ठरवावयाचे आणि दुसरीने ग्रहण करावयाचे. ग्रंथाविषयी मतभेद व्यक्त करावयाचा, 'मला हे पटले नाही' असे म्हणावयाचे, तर बरोबरीचे कोणी समोर असावे लागते.

४

ही बरोबरी प्रथम सभेत लाभली. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाजाची स्थापना झाली. विद्येची स्त्रीकडून स्त्रीकडे जाणारी वाट पंडिता रमाबाईंच्या घरातच होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. आईच्या तोंडून ग्रंथ पाठ केलेली ही स्त्री पुण्यातील सुधारकांच्या घरी पुराण सांगू लागली, तेव्हा श्रोत्या स्त्रियांच्या दृष्टीने चौकट ओळखीची होती आणि वक्ता मात्र नवा होता. पुराणिकाच्या आसनावर स्त्री होती. कर्मठांचा संताप आणि तरुण स्त्रियांचे आकर्षण, दोन्ही या एका बदलातून आली.

रमाबाई रानडे या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरातील रोष आणखी वाढला. परंतु आता रोषाला तोंड देणारी स्त्री एकटी नव्हती. दोन्ही रमाबाईंच्या इंग्रजीच्या अभ्यासाला मिस हर्फर्ड यांचे साहाय्य होते. एक शास्त्रपारंगत आणि देशभर भ्रमण केलेली, दुसरी गृहिणी आणि नवशिकी, अशा दोघी इंग्रजी भाषेपुढे मात्र सारख्याच विद्यार्थिनी होत्या. सहाध्ययनातून येणारी ही समानता घरातल्या शिक्षणात मिळण्यासारखी नव्हती. पुढे १८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होऊन मुंबईस गेले. त्यानंतर रमाबाईंच्या पुढाकाराने तेथे निघालेल्या 'हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब' या संस्थेच्या नावात 'सोशल' आणि 'लिटररी' ही विशेषणे शेजारी शेजारी आहेत. भेटणे आणि वाचणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे त्या नावाने मान्य केले होते.

या काळात स्त्रियांच्या मैत्रीला स्वतःचे नाव मात्र सहजी मिळाले नाही. १८८६ साली निघालेल्या नियतकालिकाचे नाव 'आर्यभगिनी'. अमेरिकेतल्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी आनंदीबाई जोशी यांचा स्नेह पत्रांतून जुळला, आणि आनंदीबाईंनी त्यांना 'मावशी' केले. घराबाहेरच्या स्त्रीशी जडलेला संबंध समाजाला आणि स्वतःलाही पटवावयाचा तर त्याला नात्याचा शब्द उसना घ्यावा लागे. वाचनाने जोडलेली बहीण ही रक्ताच्या बहिणीच्या वेषात वावरत होती.

५

सहवाचनाचे वाङ्मयीन फलित काशीबाई कानिटकरांच्या लेखनात सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांनी कथा लिहिल्या, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, आणि १८८७ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी वारलेल्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. या चरित्राला आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार आहे. एका स्त्रीने दुसरीची पत्रे वाचून, जुळवून तिचे आयुष्य वाचकांपुढे ठेवावे, ही मराठीत नवी घटना होती. तेथे चरित्रलेखन हेच सहवाचनाचे एक रूप होते, फक्त सोबतीण हयात नव्हती.

कानिटकर दांपत्य आणि हरि नारायण आपटे यांचा स्नेह प्रसिद्ध आहे, आणि आपट्यांची त्यांना लिहिलेली पत्रेही पुढे प्रकाशित झाली. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती, तेव्हा काशीबाई तिच्या पहिल्या वाचकांपैकी होत्या. यमूच्या तोंडून आलेले माजघरातले जग आपट्यांना कसे गवसले, या प्रश्नाचे उत्तर 'प्रतिभा' या एका शब्दाने देण्याची प्रथा आहे. त्या प्रतिभेच्या शेजारी एका वाचणाऱ्या, बोलणाऱ्या आणि मत देणाऱ्या स्त्रीची उपस्थिती होती, ही बाब उत्तरात धरावी लागेल. या कादंबरीत यमू आणि दुर्गी यांची मैत्री कथेला आधार देते, हेही येथे नोंदविले पाहिजे. यमूचे दुःख तिच्या एकटीचे राहत नाही, कारण दुर्गीच्या दुःखाशेजारी ते वाचले जाते.

१८८९ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत पंडिता रमाबाई आणि काशीबाई कानिटकर होत्या. सभेत बसावयाची सवय त्यांना आधी स्त्रियांच्या मंडळींत झाली होती. एकत्र वाचण्यातून आलेला धीटपणा सार्वजनिक जीवनात उतरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

६

या मैत्राचे गोडवे गाऊन थांबणे मात्र इतिहासाशी प्रतारणा ठरेल. त्याला मर्यादा होत्या, आणि त्या वाचनाच्याच संदर्भात उघड झाल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथे त्या स्वतः बायबल वाचीत व प्रार्थना करीत, आणि येऊन बसू इच्छिणाऱ्या मुलींना मज्जाव करीत नसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. स्त्रियांनी एकत्र बसून वाचावे, हे सुधारकांना मान्य होते. कोणता ग्रंथ वाचावा, हे त्यांनी आपसांत ठरवावे, हे मान्य नव्हते. तरीही १९१० साली आठवणी लिहिताना रमाबाई रानड्यांनी पंडिता रमाबाईंविषयी आपुलकीने लिहिले. संस्थात्मक पाठिंबा आटल्यावरही टिकलेला हा जिव्हाळा मैत्रीचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करतो.

दुसरी मर्यादा जातीची. ही मंडळे प्रामुख्याने पांढरपेशा ब्राह्मण घरांतील होती. ज्या १८८२ साली आर्य महिला समाज निघाला, त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' प्रसिद्ध झाले. जोतीराव फुल्यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली, परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. त्यांच्या मौनाचे एकच एक कारण सांगणे धाडसाचे होईल. तरी पुण्या-मुंबईच्या लेखिकांभोवती होते तसे वाचणाऱ्या मैत्रिणींचे वर्तुळ ताराबाईंच्या चरित्रात आढळत नाही, हा भेद दृष्टिआड करता येत नाही. शंभर वर्षांनंतरही परिस्थिती सर्वस्वी पालटली नव्हती. 'जिणं आमुचं'च्या लेखिका बेबी कांबळे यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, आणि दुकानात बांधणीसाठी आलेल्या रद्दीच्या कागदांवर त्यांनी आपली वाचनाची भूक भागविली होती. एकाकी वाचनाचे हे रूप काव्यमय एकांताचे नव्हे. सोबत मिळणे हाही विशेषाधिकार असू शकतो, याची ते आठवण देते.

७

या विवेचनातून वाङ्मयेतिहासासाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. वाचनाचा इतिहास ग्रंथसंख्येवरून, साक्षरतेच्या आकड्यांवरून किंवा नियतकालिकांच्या यादीवरून पुरता लिहिता येणार नाही. पत्रे, चरित्रे, आठवणी, अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना यांत कोणी कोणाला काय वाचून दाखविले, कोणी कोणाला पुस्तक दिले, कोणी कोणाच्या आग्रहावरून लिहिले, याच्या खुणा विखुरलेल्या आहेत. त्या गोळा केल्या तर 'पहिली लेखिका', 'पहिली पदवीधर' अशा सुट्या सुट्या विक्रमांमागे एकमेकींना धरून असलेल्या स्त्रियांचा समुदाय दिसू लागेल. १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी पुण्यात सुरू केलेल्या मासिकाला 'मिळून साऱ्याजणी' हे नाव दिले, तेव्हा भगिनी आणि मावशी यांच्या वेषात शतकभर वावरलेल्या एका संबंधाला नात्याची उसनवारी टाकून बोलण्याची मोकळीक मिळाली होती. ती कशी मिळत गेली, याचा शोध मराठी समीक्षेने अद्याप पुरता घेतलेला नाही. तो घेताना वाचकाला एकवचनी मानण्याची सवय तिला प्रथम सोडावी लागेल.