टिकाऊ गाडी म्हणजे कोणती? जुन्या फ्रेंच गाड्यांची गोष्ट

माझा मामा जुन्नर भागात वडाप चालवायचा. जीपमध्ये माणसं किती बसतात हे गाडीवर नाही, मामाच्या मूडवर अवलंबून असायचं. कुणी म्हणालं, "घाट चढेल का हो?" की त्याचं उत्तर ठरलेलं: "प्युजो इंजिन आहे, बसा." लहानपणी मला प्युजो हा इंजिनाचा एक प्रकारच वाटायचा, जसं डिझेल किंवा पेट्रोल. ती एक फ्रेंच कंपनी आहे हे फार नंतर कळलं. महिंद्राने तिच्याकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला होता आणि 1980 च्या दशकात ते आपल्या इगतपुरीत बनायला लागलं. नावातला 4 म्हणजे चार सिलिंडर, 90 म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. दट्ट्याची धाव 83 मिलिमीटर. गुणाकार करून बघा, 2112 सीसी येतात. याच मापाचं भावंड प्युजो 504 या मोटारीत बसत होतं.

एम.एस्सी. केमिस्ट्री करून मी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले तेव्हा पहिला मोठा टिपण-निबंध याच विषयावर लिहायला घेतला: जुन्या फ्रेंच गाड्यांपैकी सगळ्यात भरवशाची कोणती आणि सगळ्यात बेभरवशाची कोणती? वाटलं, पंधरा दिवसांत होईल. मॅडमनी पहिला मसुदा परत दिला, तेव्हा समासात पेन्सिलीने चारच शब्द होते: "कितीपैकी किती? आणि कुठे?" त्या चार शब्दांनी माझे आठ महिने खाल्ले. तुमच्यापैकी जे पेट देऊन प्रपोजल लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी ते आठ महिने इथे मांडते.

मसुद्यात मी प्युजोला पहिला नंबर दिला होता. पुरावा म्हणजे ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली. हजारो किलोमीटर चिखल, धूळ आणि दगड. 1963 मध्ये 84 गाड्या निघाल्या आणि शेवटपर्यंत फक्त 7 पोचल्या. जिंकली प्युजो 404. 1966, 1967 आणि 1968 मध्येही तीच, आणि 1968 ला परत 7 च गाड्या पोचल्या. पुढे 1975 आणि 1978 मध्ये 504 जिंकली. यापेक्षा कडक परीक्षा कुठली, असं मी लिहिलं होतं.

मग मॅडमनी विचारलं, "1958 ची मॉन्टे कार्लो रॅली कुणी जिंकली?" शोधलं. रेनॉ डॉफिन! माझ्या यादीत डॉफिन तळाला होती. 1956 ते 1967 या काळात वीस लाखांहून जास्त बनलेली ही नाजूक, देखणी गाडी अमेरिकेत 1959 मध्ये धडाक्यात खपली आणि दोनेक वर्षांत बदनाम झाली. पत्रा गंजायचा आणि तिथल्या लांबच लांब हायवेंवर इंजिन तोकडं पडायचं. त्यात सुटे भाग आणि शिकलेले मेकॅनिक सगळीकडे नव्हते. म्हणजे रॅलीतला विजय हा प्युजोच्या टिकाऊपणाचा पुरावा असेल, तर डॉफिनच्याही असायला हवा. एकीला लावायचा आणि दुसरीला नाही, असं चालत नाही. रॅलीची गाडी खास तयार केलेली असते, सोबत मेकॅनिकची फौज असते आणि ती काही दिवसच धावते. शिवाय 7 पोचल्या हे मी लिहिलं, पण 84 पैकी प्युजो किती निघाल्या होत्या, हे लिहिलंच नव्हतं. छेद नसलेला अपूर्णांक! बारावीला असं केलं असतं तर सरांनी उभं केलं असतं.

मग "कुठे?" या शब्दाकडे वळले आणि इथे माझं केमिस्ट्री कामाला आलं. लोखंड गंजायला नुसती हवा पुरत नाही, पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर लागतो. सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असेल तर गंजण्याचा वेग एकदम पडतो. उलट मीठ असेल तर तो थर वीज वाहून नेतो आणि गंज धावत सुटतो. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. सेनेगल किंवा मालीच्या आतल्या कोरड्या भागात मीठ कोण टाकणार? तेव्हा "504 आफ्रिकेत चाळीस वर्षं टिकली आणि डॉफिन न्यूयॉर्कमध्ये चार हिवाळे टिकली नाही" या वाक्यात गाड्यांपेक्षा हवामानाचीच तुलना जास्त आहे.

तरी 504 चं श्रेय मी काढून घेत नाही. 1968 ला आलेली ही गाडी 1969 ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. एकूण तीस लाखांहून जास्त बनल्या. फ्रान्समध्ये सेडान 1983 ला थांबली, पण नायजेरियातल्या कडुना इथे 1975 पासून सुरू झालेलं प्युजोचं काम आणि केनियातली जुळणी, दोन्हीकडे 504 पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. तिच्या स्टेशन वॅगनला मागे अखंड अ‍ॅक्सल आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन कॉइल स्प्रिंग होत्या. म्हणजे माणसं, बोजा, कोंबड्या, सगळं लादा. पेट्रोल इंजिनाचे लायनर वेगळे काढता येतात, त्यामुळे सिलिंडर झिजला तरी अख्खा ब्लॉक फेकावा लागत नाही. सेनेगलमध्ये या गाडीला 'सात जागां'ची टॅक्सी म्हणतात. ते वाचून मला मामा आठवला. फक्त मामाच्या गणितात सात म्हणजे सुरुवात.

यादीतला सगळ्यात बेभरवशाचा मान मी सित्रोएन डीएसला दिला होता. आता तसं लिहिणार नाही, कारण डीएस ही एक गाडी नव्हतीच. ऑक्टोबर 1955 च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 ऑर्डर आल्या. तिचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, सगळं एकाच उच्च दाबाच्या द्रवावर चालायचं. स्प्रिंगच्या जागी नायट्रोजन भरलेले गोळे. पॉल माजेस या माणसाची ही करामत. सुरुवातीच्या गाड्या गिऱ्हाइकांना रस्त्यात दगा देत, गळती होई आणि गाडी जमिनीवर बसून जाई.

दोष कुठे होता? बऱ्याच अंशी द्रवात. सुरुवातीचा लाल द्रव आर्द्रताशोषक होता. त्याचे रेणू ध्रुवीय, त्यामुळे हवेतलं पाणी ते ओढून घेत. गाडी वर-खाली झाली की टाकीतली पातळी बदलणार, टाकी श्वास घेणार आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडी वाफ आत जाणार. ते पाणी स्टीलच्या नळ्यांत आणि काही मायक्रॉनच्या अंतराने बसवलेल्या झडपांत जाऊन गंज करणार. 1966 मध्ये सित्रोएनने खनिज तेलावर आधारित हिरवा द्रव, एलएचएम, आणला. तेल आणि पाण्याचं जमत नाही हे आपण फोडणीत रोज बघतो. (अमेरिकेत ब्रेक ऑइलच्या नियमांमुळे लाल द्रव 1969 पर्यंत चालू राहिला.) सील वेगळ्या रबराचे करावे लागले. लाल सिस्टिममध्ये हिरवा द्रव घातला तर सील जातात, म्हणून भागांवर हिरवा रंग दिला. रूप तेच, नाव तेच, पण 1957 ची डीएस आणि 1970 ची डीएस यांची बिघडण्याची कारणं वेगळी. त्यांची सरासरी काढली तर दोन्हींबद्दल खोटं बोलल्यासारखं होतं. मी ती काढली होती.

आकडे नीट मिळतील अशी आशा होती, तीही अर्धीच पुरी झाली. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी 1960 ला सुरू झाली, स्वीडनमध्ये 1965 ला, जर्मनीत एडीएसी या वाहनचालक संघटनेची ब्रेकडाउनची आकडेवारी 1978 पासून. आणि खुद्द फ्रान्समध्ये नियमित सक्तीची तपासणी आली 1992 ला! म्हणजे मला हव्या असलेल्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्यावर.

काही गाड्या तर पुराव्यासकट नाहीशा झाल्या. सित्रोएन जीएस बिरोटर ही व्हँकेल इंजिनाची गाडी 1973 ला आली, तेलसंकटाच्या तोंडावर. इंजिन पेट्रोल पिणारं. अवघ्या 847 विकल्या गेल्या. सुटे भाग पुरवत बसायला नको म्हणून कंपनीने जमतील तेवढ्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या. आज ज्या थोड्या उरल्यात त्या मालकांनी हट्टाने ठेवलेल्या, लाडावलेल्या आहेत. त्यांच्याकडे बघून बिरोटर टिकाऊ म्हणायची की काय?

टूसीव्हीचं उलटं. 1948 ते 1990 अशी ती बनली. हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन. रेडिएटर नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, हेड गॅस्केटसुद्धा नाही. जे नाहीच ते बिघडणार कसं? पण इंजिन ठणठणीत असताना खालची चासी गंजून जाते. आता ही गाडी टिकाऊ की नाही? इंजिन मोजलं तर पहिली, चासी मोजली तर पार खाली.

तरीही कुणी धरून विचारलंच, तर माझं आजचं उत्तर असं: कोरड्या प्रदेशात, कच्च्या रस्त्यावर, 404 आणि 504. साध्या रोजच्या वापराला रेनॉ 4, कारण तिचं कूलिंग बंदिस्त होतं आणि ग्रीस मारायच्या जागाच काढून टाकल्या होत्या. खारट थंडीत डॉफिन नको. हिरव्या द्रवाची डीएस चालेल, पण जाणता मेकॅनिक हवा. मासेराती इंजिनाच्या सित्रोएन एसएमला तर दोन जाणते मेकॅनिक लागतात, एक इंजिनाचा आणि एक हायड्रॉलिकचा.

मेकॅनिकचा मुद्दा मला कागदांत नाही, जुन्नरला सापडला. दिवाळीत मामाला विचारलं, "मामा, तुमची जीप भरवशाची होती, म्हणजे नक्की काय?" तो म्हणाला, "अगं, नारायणगावला पार्ट मिळायचा. सकाळी उघडली तर संध्याकाळच्या खेपेला गाडी हजर." त्याला कल्याणची गोष्ट सांगितली: 1990 च्या दशकाच्या मध्यात तिथल्या कारखान्यात प्युजो 309 बनत होती, आणि काही वर्षांतच ते उत्पादन थांबलं. मामाने विचारलं, "मग त्या गाड्यांना पार्ट कोण देत होतं?"

माझ्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. परत आल्यावर घातलाय. 504 च्या ओळीत कडुना आणि केनिया लिहिलंय, बाकीच्या बऱ्याच ओळी अजून रिकाम्या आहेत.