वृक्षवलय-कालनिर्णय

वृक्षाच्या खोडाच्या आडव्या छेदात दिसणाऱ्या वार्षिक वलयांवरून लाकडाचा काळ ठरविण्याच्या व गतकालीन हवामानाचा मागोवा घेण्याच्या पद्धतीस वृक्षवलय-कालनिर्णय म्हणतात. समशीतोष्ण प्रदेशातील वृक्षांत वाढीच्या प्रत्येक हंगामात सामान्यतः एक वलय तयार होते. हंगामाच्या आरंभीचे लाकूड फिकट व विरळ, तर अखेरीचे गडद व घट्ट असते. त्यामुळे दोन वर्षांमधील सीमारेषा स्पष्ट दिसते. तथापि केवळ वलये मोजून उभ्या झाडाचे वय तेवढे कळते. पद्धतीचे मर्म वलयांच्या रुंदीत आहे. रुक्ष प्रदेशात चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद आणि अवर्षणाच्या वर्षी अरुंद वलय पडते व एकाच प्रदेशातील झाडांत हा क्रम बव्हंशी सारखा आढळतो. त्यामुळे जिवंत झाडाच्या आतील वलयांशी जुन्या तुळईची बाहेरील वलये जुळवून कालश्रेणी मागे नेता येते.

या पद्धतीचा पाया अमेरिकन ज्योतिर्विद अँड्रू एलिकॉट डग्लस (१८६७–१९६२) यांनी घातला. १८९४ मध्ये ते वेधशाळेच्या कामासाठी ॲरिझोनात आले. सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राचा पर्जन्यावर परिणाम होतो काय, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. तेथील पर्जन्याच्या नोंदी फार जुन्या नसल्याने १९०४ पासून ते पाँडेरोसा पाइनची वलये मोजू लागले. सौरचक्राचा त्यांना अपेक्षित असलेला निर्विवाद पुरावा मिळाला नाही. त्यांची कीर्ती राहिली ती पुरातत्त्वातील कार्यामुळे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पुएब्लो लोकांच्या पूर्वजांच्या वसाहतींचे असंख्य अवशेष आहेत. न्यू मेक्सिकोतील चाको घळीतील पुएब्लो बोनिटो ही शेकडो खोल्यांची वास्तू आणि कोलोरॅडोतील मेसा व्हर्दे येथील कड्यांच्या कपारींतील घरे त्यांत विशेष प्रसिद्ध होत. या लोकांनी लेख वा नाणी मागे ठेवली नसल्याने या वास्तूंचा काळ अंदाजानेच सांगितला जाई. छपरांच्या तुळया मात्र कोरड्या हवेत टिकून होत्या. त्यांवरून डग्लस यांनी ५८५ वर्षांची एक श्रेणी रचली; परंतु ती तरती होती, म्हणजे तिच्यातील वर्षांचे परस्परांतील अंतर ठाऊक होते, पण इसवी सनाशी नाते ठाऊक नव्हते. जिवंत झाडांपासून मागे नेलेली दुसरी श्रेणी इ. स. १२६० च्या सुमारास थांबत होती. मधला दुवा शोधण्यासाठी नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या साहाय्याने १९२३ पासून मोहिमा काढण्यात आल्या. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातील शो लो या गावी लिंडन हारग्रेव्ह व एमिल हॉरी यांना एक जळकी तुळई सापडली. एचएच–३९ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या कोळशात इ. स. १२३७ ते १३८० पर्यंतची वलये होती. तरत्या श्रेणीचे ५५१ वे वर्ष म्हणजे इ. स. १२५१ असे तिच्यावरून ठरले आणि बहुतेक प्रमुख अवशेषांचा काळ एकाच दिवसात निश्चित झाला. पुएब्लो बोनिटोच्या तुळया दहाव्या ते बाराव्या शतकांतील ठरल्या.

नवल असे, की दोन श्रेणींत वस्तुतः खंड नव्हताच. सुमारे पंचवीस वर्षे त्या एकमेकींवर येत होत्या. पण तेवढ्या काळातील वलये अतिशय अरुंद आणि नमुने तुरळक असल्याने जुळणीची खात्री देता येत नव्हती. त्याचे कारणही वलयांतूनच उघड झाले : इ. स. १२७६ ते १२९९ या काळात तेथे दीर्घ अवर्षण पडले होते. याच सुमारास मेसा व्हर्देतील बांधकाम थांबले व १३०० पर्यंत तो प्रदेश ओस पडला. डग्लस यांनी या दोन घटनांची सांगड घातली. ती आकर्षक असली, तरी पुरेशी नाही. बाराव्या शतकातील दीर्घ अवर्षणानंतरही मेसा व्हर्देत वस्ती टिकून होती. म्हणून अंतर्गत संघर्ष, जमिनीचा व लाकडाचा ऱ्हास आणि दक्षिणेकडील नव्या वस्त्यांचे आकर्षण यांचाही विचार संशोधक करतात. तेथून निघालेल्यांचे वंशज होपी, झुनी इ. पुएब्लो जमातींत आजही आहेत.

वलयावरून मिळणारे वर्ष झाड तोडल्याचे असते, घर बांधल्याचे नव्हे. जुनी तुळई काढून नव्या घरात बसविण्याचा प्रघात तेथे होता. शिवाय साल व तिच्यालगतची वलये झिजून गेली असल्यास मिळणारे वर्ष तोडणीच्या आधीचे असते. एखाद्या अतिशय कोरड्या वर्षी वलय पडतच नाही. ही उणीव अनेक नमुने ताडूनच भरून काढावी लागते.

कॅलिफोर्नियातील हजारो वर्षे जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइनच्या वलयांमुळे पुढे कार्बन–१४ पद्धतीने काढलेल्या कालांतही दुरुस्ती करता आली. उष्ण कटिबंधातील पुष्कळशा वृक्षांत स्पष्ट वार्षिक वलये आढळत नाहीत. साग हा त्याला महत्त्वाचा अपवाद होय. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ठाणे परिसरातील साग व हिमालयातील देवदार यांच्या वलयांवरून पूर्वकालीन हवामानाचा अभ्यास झाला आहे.