अंगात रक्त कमी म्हणजे काय? लोह कुठून मिळतं, चहा कुठं आडवा येतो, जाणून घ्या

थोडं चाललं तरी धाप लागते. खुरपताना उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. नखं पांढुरकी दिसतात, कामात मन लागत नाही. अशा तक्रारी घरातली बाई बहुतेक वेळा "कामानं होतंय" म्हणून अंगावर काढते. काही जणींना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. लोक त्याला वाईट खोड समजतात, पण ते अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं.

शरीराला कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी एवढं सगळं लागतं. भाकरी-भातातून पोट भरतं, डाळी-कडधान्यातून प्रथिने मिळतात. ग्रामीण भागात सगळ्यात जास्त कमतरता दिसते ती लोहाची. माणसाच्या पूर्ण शरीरात मिळून लोह असतं जेमतेम तीन ते चार ग्रॅम. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं आणि हे हिमोग्लोबिनच फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोहोचवतं. ते कमी झालं की त्याला रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त महिला यात आहेत.

किती हिमोग्लोबिन हवं?

महिलांचं १२, गरोदर महिलांचं ११ आणि पुरुषांचं १३ ग्रॅमच्या खाली नको. पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना किमान ११ हवं. गरोदर बाईचं ७ च्या खाली गेलं तर तो गंभीर रक्तक्षय. अशा वेळी घरगुती उपायात दिवस घालवू नयेत, थेट दवाखाना गाठावा. बाळंतपणात प्रत्येकीचं थोडंफार रक्त जातंच. आधीच कमी असलेल्या बाईचं ते जास्त गेलं तर जिवावर बेतू शकतं.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर बाईला २९. पाळीत दर महिन्याला रक्त जातं, म्हणून हा फरक. आता बऱ्याच घरांत पंगत कशी बसते ते आठवून बघा. पुरुष आणि पोरं आधी, बाई सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं कोरड्यास घेऊन. ज्याला जास्त पाहिजे त्यालाच कमी मिळतं.

ताटात काय असावं?

बाजरीत लोह चांगलं असतं. मटकी, चवळी, हरभरा, तीळ, अळीव, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला हे सगळं आपल्या शिवारातलंच आहे. मात्र धान्य आणि भाजीतलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. मटण, कलेजी, मासे यांतलं जास्त शोषलं जातं. शाकाहारी माणसानं यावर एक सोपी युक्ती करावी, जेवणात लिंबू पिळावं. आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर चालेल. यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-भाकरीतलं लोह जास्त अंगी लागतं. कडधान्याला मोड आणले तरी फायदा होतो. लोखंडी कढईत भाजी केली, विशेषतः आंबट घालून, तर थोडं लोह भांड्यातूनही उतरतं.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, असा समज आहे. बीट खायला हरकत नाही, पण त्यात लोह फार नसतं. गुळाचंही तसंच. त्यात लोह असतं, पण एका खड्यानं भागत नाही.

चहाचं काय?

आपल्याकडे खरी अडचण इथं आहे. सकाळी चहा-चपाती, दुपारी भाकरी खाल्ली की लगेच चहा. चहातले घटक जेवणातलं लोह धरून ठेवतात आणि ते अंगी न लागता शौचावाटे निघून जातं. चहा सोडायला कुणी सांगत नाही, सांगितलं तरी सुटणार नाही. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ झालं.

जंत आणि इतर कारणं

खाणं चांगलं असूनही रक्त वाढत नसेल तर जंत असू शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे अंगात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. शेतात चप्पल घालणं आणि उघड्यावर शौचाला न बसणं हा त्यावरचा उपाय आहे. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, मिळणारी गोळी मुलांना चुकवू देऊ नका.

ब१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी रक्तक्षय होतो आणि हातापायाला मुंग्या येतात. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. पुरुषाचं रक्त कमी निघालं तर मूळव्याध किंवा पोटातल्या जखमेतून रक्त जातंय का, हे तपासून घ्यावं. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही करावी, कारण तो आजार जन्मजात असतो, लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.

गोळ्या कशा घ्यायच्या?

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची लाल गोळी मोफत मिळते. किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्यातून एक निळी गोळी असते. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे विचारावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथं हिमोग्लोबिनही पाहतात.

गोळीनं शौचाला काळी होते, कधी मळमळतं, म्हणून अनेक जणी ती मधेच बंद करतात. काळा रंग हा गोळीतल्या लोहाचाच, घाबरू नये. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा किंवा दुधासोबत घेऊ नये. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं. रक्त भरलं असं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करावा, कारण शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात. आणि गोळ्यांचं पाकीट लहान लेकरांच्या हाती लागेल असं ठेवू नये. गोड गोळी समजून एकदम बऱ्याच खाल्ल्या तर लोहाची विषबाधा होते. असं घडलं तर लगेच दवाखान्यात न्यावं आणि रिकामं पाकीट सोबत घ्यावं.