टोमोग्राफी: न कापता काप

'सीटी'तला 'टी' म्हणजे टोमोग्राफी. ग्रीक 'टोमोस' म्हणजे काप, 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणं. 'अ‍ॅटम' याच कुळातला: ज्याचे काप होत नाहीत तो. 'अ‍ॅनाटॉमी'ही इथलीच, पण तिथे सुरी खरोखर चालते. साध्या एक्स-रेत कवटीचं हाड मेंदू झाकून टाकतं; पातळ काप दिसले तरच आतलं कळणार. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने ते दाखवले. ८० बाय ८० चौकटींचं ओबडधोबड चित्र, पण त्यात एका बाईच्या कपाळामागची गाठ दिसली. यंत्र ईएमआयचं, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीचं! आपल्याकडे टोमोग्राफी कोण म्हणतो? 'डोक्याचा सीटी काढलाय', एवढ्यात भागतं.