बेगमी, सोने आणि अवेळीचे वादळ : मढच्या कोळीवाड्यातील राखीव पुंजी

१/ वेसावे आणि मढ यांच्या मध्ये मालाडची खाडी. दरवर्षी १ जूनला मढच्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, त्या ३१ जुलैपर्यंत समुद्रात जात नाहीत. ६१ दिवस घरात ताज्या मासळीचा पैसा नाही. राखून ठेवलेली पुंजी नेमकी कधी काढायची, हा प्रश्न येथे फार जुना आहे.

२/ कायद्याच्या आधी ही बंदी समुद्राचीच होती. ज्येष्ठात दर्या खवळला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा लोटायच्या. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावरील एकसमान ६१ दिवस २०१५ पासूनचे. पावसाळा हे संकट खरे, पण त्याची तारीख ठरलेली. म्हणून त्यासाठीची तरतूदही वेगळी होती. तिला नाव बेगमी.

३/ वलांड्यांवर वाळलेले बोंबील, खळ्यावरचा जवळा, तांदूळ, सरपण. सुकी मासळी पावसात खायची आणि विकायचीही. शिमगा आणि वैशाखातली लग्ने नेमकी याच बेगमीच्या तोंडावर येत. तेव्हा हात आखडता घेणे कोणाला जमले असेल?

४/ सोन्याची गोष्ट निराळी. पुरुषाचे काम किनाऱ्यावर संपते; मासळी बाजारात नेऊन विकते ती कोळीण, त्यामुळे रोकड तिच्या हाती आणि बचत तिच्या अंगावर. दागिना गहाण ठेवला तर हंगामात सोडवून आणण्याची आशा असते. मोडला तर ती नाही. राखीव पुंजीचा खरा निर्णय या दोन शब्दांमधला होता.

५/ या फरकाची किंमत देशाने १९३१ नंतर मोजली. त्या वर्षी २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमान सोडला. रुपया पौंडाशी बांधलेला, त्यामुळे तोळ्यामागे २१ रुपयांच्या आसपास असलेले सोने चढू लागले; १९३४ पर्यंत ते तिशीच्या पुढे गेले. महामंदीने शेतमालाचे भाव आधीच कोसळलेले. सारा आणि सावकाराचे व्याज भरण्यासाठी घरोघरचे दागिने मोडले गेले आणि मुंबई बंदरातून बोटींनी लंडनला निघाले. सरकारदरबारी याला चढ्या भावाचा लाभ म्हणणारेही होते. लाभ थांबू शकणाऱ्याचा होता. साऱ्याची मुदत थांबत नव्हती.

६/ स्वातंत्र्यानंतर होडीला इंजिन आले, नायलॉनची जाळी आली, सहकारी संस्थांमार्फत कर्ज आले. उत्पन्न वाढले, पण पुंजीवर दुसरा हक्कदार उभा राहिला. ऑगस्टमध्ये होडी लोटायची तर डिझेल, बर्फ, जाळ्यांची डागडुजी आणि खलाशांची उचल, हे सारे पहिली मासळी हाती येण्याआधी लागते. जुलैत घरखर्चासाठी पुंजी संपवली, तर भूक भागते आणि होडी किनाऱ्यावरच राहते. मग व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि हंगामभर मासळी त्यालाच द्यायची.

७/ तरीही वर्षाला एक घडी होती : आठ-दहा महिने भरायचे, दोन महिने काढायचे. ही घडी विस्कटली ती अवेळी आलेल्या वादळांनी. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, डिसेंबर २०१७ मध्ये ओखी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाठोपाठ क्यार आणि महा. हे सगळे पुंजी भरण्याचे महिने. होड्या माघारी बोलवाव्या लागतात, आणि अवकाळी पावसाने वलांड्यांवरचा बोंबील भिजला की बेगमीही जाते. त्यानंतर मार्च २०२० ची टाळेबंदी ऐन हंगामात, ३ जूनला निसर्ग, आणि पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते, बंदीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना.

८/ क्यार आणि महाच्या नुकसानीसाठी राज्य सरकारने सुमारे ६५ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते २०२० च्या पावसाळ्यात. मधले नऊ-दहा महिने घराने स्वतःच्या बळावर काढायचे होते. गहाण की मोड, हा प्रश्न त्याच महिन्यांतला.

९/ सरकारी बचतीचा हिशेबही जुन्याच पंचांगाचा. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत गरीब पारंपरिक मच्छीमाराने १५०० रुपये घालायचे, सरकार ३००० घालते, आणि बंदीच्या काळात तीन महिने दरमहा १५०० मिळतात. नोव्हेंबरात वादळ आले, तर हा हप्ता मिळत नाही.