शुक्राचार्यांचे गाव आणि बंद दुकाने

गोदावरीच्या काठी कोपरगाव बेटात शुक्राचार्यांचे देऊळ आहे. तेथे लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही, अशी आमच्याकडील श्रद्धा असल्यामुळे ज्यांना पंचांगाने अडविलेले असते ते वऱ्हाडी मुकाट्याने बेटाची वाट धरतात. जवळच कचेश्वरही आहे. या गुरुशिष्यांची कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु तिच्या शेवटाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मला मात्र गेल्या काही वर्षांत तो शेवट वारंवार आठवतो, आणि त्याचे कारण 2020 सालची टाळेबंदी हे आहे.

देवांचा कच संजीवनी विद्या शिकायला दैत्यगुरूकडे आला. दैत्यांनी त्याला दोनदा मारले, शुक्राचार्यांनी दोनदा उठविले. तिसऱ्या खेपेस दैत्यांनी त्याला जाळून त्याची राख मद्यात कालविली आणि ते मद्य गुरूलाच पाजले. पुढे देवयानीच्या हट्टापायी गुरूने पोटातल्या शिष्याला विद्या दिली, शिष्य पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूला जिवंत केले. इथवर सर्वांना पाठ असते. त्यानंतर शुद्धीवर आलेल्या शुक्राचार्यांनी काय केले? त्यांनी मद्यालाच शाप दिला. यापुढे जो ब्राह्मण मद्य पिईल त्याला ब्रह्महत्येचे पाप लागेल, असा दंडक त्यांनी घातला. महाभारताच्या आदिपर्वात सांगितलेली ही दारूबंदी म्हणजे आपल्याकडील पहिली दारूबंदीच म्हणायची. आणि तिचा कर्ता आमच्या गावचा!

ही कथा आपल्या लोकांनी नुसती ऐकली नाही, वापरलीही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1913 मध्ये ‘विद्याहरण’ नाटक रंगभूमीवर आणले ते याच प्रसंगावर. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले, आणि टिळकांच्या प्रेरणेने 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झालेले. दारूपासून सरकारला अबकारी मिळते, आणि ती मिळावी म्हणून सरकार दुकाने चालू ठेवते, हा त्या चळवळीचा राग होता. पुढे 1919 मध्ये गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आला आणि मराठी प्रेक्षक सिंधूसाठी रडला तो आजतागायत रडतो आहे. अशा रीतीने दारूचे दुकान म्हणजे घर बुडविणारी जागा, हे आपल्या मनात पक्के बसले; आणि ते खोटे आहे असे म्हणण्याची कोणाची छाती नाही.

1937 साली मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले. त्यातील डॉक्टर गिल्डर हे स्वतः पारशी. त्यांच्या खात्याने 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी लावली, तेव्हा सर्वांत मोठा ओरडा पारशी समाजातूनच झाला; कारण ताडीमाडीच्या आणि दारूच्या व्यापारात त्या समाजातील कित्येक कुटुंबांचे पोट होते. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून प्रांतभर संपूर्ण बंदी आली. घटनेच्या 47 व्या कलमानेही राज्याला तोच रस्ता दाखविला आहे. पुढे बंदी सैल होत गेली, परंतु कायदा तसाच राहिला. आजही आपल्या राज्यात दारू विकली जाते ती ‘दारूबंदी’ कायद्याखाली! पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो, आणि म्हणूनच हॉटेलातल्या त्या खोलीला ‘परमिट रूम’ हे नाव पडले. तेथे बसणाऱ्यांपैकी किती जणांना या नावाचा इतिहास ठाऊक असेल?

आता 2020 कडे येऊ. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, आणि 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. शिर्डीचे साईमंदिर तर 17 मार्चलाच बंद झाले होते. कोपरगावच्या माणसाला या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. शिर्डी आमच्यापासून जेमतेम चार कोसांवर. नगर-मनमाड रस्त्यावरची हॉटेले, खानावळी, रसवंत्या, टपऱ्या, रिक्षा हे सर्व साईबाबांच्या वाटेवर उभे आहे. देवाचे दार लागले आणि त्याबरोबर रस्त्यावरची सगळी दारे लागली.

या रस्त्यावर माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे लहानसे हॉटेल आहे; पुढे जेवणाची बाकडी, मागे परमिट रूम. त्यांचे दोन्ही मुलगे माझ्या वर्गातून गेलेले, त्यामुळे ते मला ‘सर’ म्हणतात आणि मी त्यांना ‘शेट’. आचारी बिहारकडे, वाढपी मराठवाड्यात, असे सगळे आपापल्या गावी निघून गेले. एप्रिलच्या अखेरीस रस्त्यात भेट झाली तेव्हा शेट म्हणाले, “सर, धान्य उरलं तर घरी खाता येतं. पण आतल्या बिअरच्या खोक्यांवर तारीख छापलेली असते. सहा महिने झाले की ती ओतून द्यायची. ती काय मी पोरांना पाजू?”

त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. वाईन शॉपला बंद बाटली विकायचा परवाना असतो. परमिट रूमला प्याल्याने पाजण्याचा. एकाला दुसऱ्याचे काम करता येत नाही. वर्षाचे परवाना शुल्क भरायचे, जागेचे भाडे द्यायचे, आणि माल मात्र गोदामात जुना होत राहायचा. मे महिन्याच्या 4 तारखेपासून राज्यात दारूची दुकाने उघडायला वाट मिळाली; जिल्ह्याजिल्ह्यांत नियम निराळे, आणि मोठ्या शहरांतल्या रांगा तर सर्वांनी चित्रांत पाहिल्या. महिन्याच्या मध्यावर परवानाधारकाला घरपोच मागविण्याची सोय झाली. त्याच महिन्यात सरकारने बार आणि परमिट रूमवाल्यांनाही साठलेला माल, बाटलीचे बूच न काढता, छापील किमतीला विकण्याची मुभा दिली. प्याल्यामागे जे चार पैसे जास्त सुटत ते यात नव्हते. परंतु अडकलेले भांडवल तरी मोकळे झाले.

ही युक्ती आपल्यालाच सुचली असे नाही. न्यूयॉर्क राज्याने मार्चच्या मध्यासच उपाहारगृहांना जेवणाच्या पुडक्याबरोबर मद्य बांधून देण्याची परवानगी दिली, आणि तिथली सुशिक्षित मंडळी आपल्या पेठेतले हॉटेल जगावे म्हणून मुद्दाम तेथून वाईन घेऊ लागली. याच्या अगदी उलट दक्षिण आफ्रिकेने केले. तिने 27 मार्चपासून मद्यविक्री साफ बंद केली. इस्पितळांत मारामारी आणि अपघाताचे रुग्ण कमी झाले खरे, परंतु केपकडील द्राक्षमळेवाले आणि त्यांचे मजूर हवालदिल झाले. दोन देश, दोन उत्तरे. आणि दोन्हींत काही खरे आहे.

आमच्या शेटच्या दारातही त्या दिवसांत ओळखीची मंडळी येऊन गेली. त्यांत पिणारे होतेच. परंतु पाच रुपयांचा एका दिवसाचा परवाना काढून, जन्मात पहिल्यांदा नाशिकच्या वाईनची बाटली घेणारेही दोघेचौघे होते. “शेटचं घर चाललं पाहिजे” एवढेच त्यांचे म्हणणे. मी हे घरी सांगितले. सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, वाईन कशाची होते? द्राक्षाचीच ना? मग द्राक्षंच घ्या. शेतकऱ्यालाही मिळतील आणि पोरांनाही.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. कारण त्यांचे बरोबर होते. त्या वर्षी द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असतानाच बाजार मिटले. नाशिककडील बागाइतदारांनी पेट्या भरून गावोगाव पाठविल्या, आणि जे विकले गेले नाही त्याचे बेदाणे केले. आमच्या आळीनेही पेट्याच्या पेट्या घेतल्या. परंतु एक गोष्ट सौभाग्यवतींच्या हिशेबात नव्हती: वाईनची द्राक्षे निराळी असतात. जाड सालीची, बियांची, लहान मण्यांची. ती पेटीत घालून विकायची नसतात. जानेवारी ते मार्च या काळात ती खुडून वाईनरीत जातात आणि टाक्यांत आंबतात. टाळेबंदी आली तेव्हा टाक्या नव्या वाईनने भरलेल्या होत्या आणि ती पिणारी उपाहारगृहे बंद होती. लाल वाईन थांबू शकते. पांढरी आणि गुलाबी फार थांबत नाही.

हा धंदा आपल्याकडे तसा नवाच. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी 1980 नंतरच्या दशकात फेसाळ वाईन करून ती परदेशी धाडली, नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन 2000 च्या सुमारास आली, आणि 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर करून सवलती दिल्या. म्हणजे शुक्राचार्यांच्या नदीच्याच उगमाकडे, त्र्यंबक-नाशिकच्या टापूत, मद्य हे शेतमालाचे एक रूप म्हणून प्रतिष्ठेला आले. आमच्या तालुक्यात तर उसाच्या मळीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्याचेच नाव पुष्कळ वर्षे ‘संजीवनी’ असे होते! आणि 2020 मध्ये राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी त्याच मद्यार्काचे सॅनिटायझर करून गावोगाव पोचविले. ज्या वस्तूला गुरूने शाप दिला तिने हात धुऊन लोकांनी प्राण राखले.

परंतु गंमत येथेच थांबते. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा दुकाने बंद झाली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यालेले 7 जण दगावले. 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली होती, आणि 2017 मध्ये आमच्याच नगर जिल्ह्यात पांगरमल गावी निवडणुकीच्या जेवणावळीतील दारूने घरे उजाड केली. दुकान उघडे असले तरी घर बुडते आणि बंद असले तरी माणूस मरतो, असा हा पेच आहे. 2008 च्या नियमाने गावातल्या बायकांना मतदान करून दुकान बंद करण्याचा हक्क मिळाला. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. ज्या बायकांनी उन्हात रांगा लावून बाटली आडवी केली, त्यांना “शेटचे भांडवल अडकले आहे” हे कोणत्या तोंडाने सांगावे?

म्हणूनच 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा आमच्या जिल्ह्यातूनही मोठा विरोध उठला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारने लोकांची मते मागविण्याचे मान्य केले. वाईन ही शेतकऱ्याची, असे एक बाजू म्हणाली. किराण्याच्या दुकानात मुले बिस्किटे आणायला जातात, असे दुसरी.

मला या सर्वांतून एवढेच दिसते. बाटली घेऊन दुकानदाराला जगविणे ही मदत आहे, परंतु ती मदत बाटलीमुळे नव्हे. घेणारा दुकानदाराला नावाने ओळखत होता म्हणून ती मदत झाली. त्याच महिन्यांत किराणावाल्याने उधारीच्या वहीत किती पाने भरली, आणि हातावर पोट असलेल्या किती घरांत त्या वहीवर चूल पेटली, याचा हिशेब कोणत्याही सरकारी खात्यात सापडणार नाही. जिथे ओळख होती तिथे दुकाने तगली. जिथे नव्हती तिथे पाट्या उतरल्या. मद्याचा प्रश्न शुक्राचार्यांनाही शाप देऊनच सोडवावा लागला, तो मी सोडविणारा कोण! परंतु शेजाऱ्याचा प्रश्न तेवढा कठीण नाही.

उपाहारगृहे अखेर 5 ऑक्टोबर 2020 रोजी, निम्म्या बाकड्यांनिशी, उघडली. देवळे उघडली 16 नोव्हेंबरला. तो दिवाळीचा पाडवा होता, व्यापाऱ्यांच्या वहीपूजनाचा दिवस. त्या दिवशी शिर्डीच्या वाटेवर पुन्हा गाड्या धावू लागल्या, आणि आमच्या पेठेतील कित्येकांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून, दुसऱ्या पानावर जुनी बाकी तशीच्या तशी उतरून घेतली. ती फेडायला काहींना दोन वर्षे लागली, काहींची अजून चालू आहे. या पाडव्याला खरेदीला निघाल तेव्हा, वाचकहो, आपल्या गल्लीतल्या दुकानावरून वळसा घ्या. काय घ्यायचे ते घरात विचारून ठरवा.