तुरुंगाच्या दाराबाहेरचा रुग्ण

आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी विचारलं, "सर, आजारी माणूस तुरुंगातून सुटल्यावर त्याचं काय होतं, हा इतिहासाचा विषय कसा? हा तर डॉक्टरांचा, नाहीतर पोलिसांचा प्रश्न." मला वाटतं तो इतिहासाचाही आहे, आणि त्यासाठी सात रस्त्याच्या पलीकडे जायची गरज नाही.

आर्थर रोड, म्हणजे आजचा साने गुरुजी मार्ग. या रस्त्यावर कस्तुरबा रुग्णालय आहे, साथीच्या रोगांचं. जुनं नाव आर्थर रोड हॉस्पिटल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि रोग्यांना घरातून उचलून इथे आणू लागले. आत गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने या इस्पितळावर हल्ला केला. त्यांच्या लेखी हे इस्पितळ म्हणजे कैदखानाच होता.

पुढे १९२६ च्या सुमारास त्याच रस्त्यावर खराखुरा कैदखाना उभा राहिला, आर्थर रोड जेल. आणि १९२६ मध्येच थोड्या अंतरावर परळला केईएम रुग्णालय सुरू झालं. म्हणजे बघा, तुरुंग आणि दवाखाना यांच्यातलं अंतर इथे कधीच फार नव्हतं. तरीही तुरुंगातून सुटलेला रोगी वाटेत हरवतो. तो कसा हरवतो, ते आज पाहायचं आहे.

कायद्यापासून सुरुवात करू. १८९४ चा तुरुंग कायदा घ्या. त्याच्या २६ व्या कलमात एक विलक्षण तरतूद आहे. कैद्याला तीव्र किंवा धोकादायक आजार असेल, तर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला सोडायचं नाही. सोडणं सुरक्षित आहे असं वैद्यकीय अधिकाऱ्याने म्हणेपर्यंत थांबायचं. वरवर पाहता हे दयाळूपणाचं आहे. मुदत संपली म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाला दाराबाहेर ढकलू नका, एवढंच त्यात सांगितलंय. पण त्यातला कबुलीजबाबही ऐका. बाहेर या माणसाला सांभाळणारं कोणी नाही, हे कायद्याने गृहीत धरलंय. त्यावर त्याच्याकडे उपाय एकच, आत ठेवून घेणं. आत उपचार आणि बाहेर स्वातंत्र्य, या दोहोंना जोडणारा दुवा त्या कलमात नाही.

आपल्या मराठीत 'मोकळा करणं' असं आपण म्हणतो. आणि 'मोकलणं' असा एक जुना शब्द आहे, त्यात टाकून देण्याची छटा आहे. दोन्हींचं मूळ एकच. तुरुंगाच्या दारात मोकळं करणं कधी संपतं आणि मोकलणं कधी सुरू होतं, हा आपला खरा प्रश्न आहे.

टिळकांचं उदाहरण घेऊ. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आधी डोंगरी, मग भायखळा, मग येरवडा. त्याच वर्षाच्या आरंभी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता, आणि हाफकिन यांनी तिथल्या कैद्यांना आपली नवी लस टोचून तिचा परिणाम मोजला होता. तुरुंगाच्या आत माणसं मोजणं सोपं असतं. कोण आजारी पडला, कोण वाचला, सगळं वहीत येतं. दाराबाहेर पडलेल्या माणसाची वही कुणी ठेवत नाही. असो. टिळकांसाठी मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी रदबदली केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधीच त्यांची सुटका झाली. प्रकृती ढासळलेली होती. मग ते सिंहगडावर विश्रांतीला गेले.

या घटनेकडे भक्तिभावाने न बघता जरा हिशेबाने बघा. त्यांना काय काय मिळालं? राहायला घर, पथ्याचं अन्न, हवापालट, विचारपूस करणारी माणसं. गांधीजींचंही तसंच. जानेवारी १९२४ मध्ये कैदेत असतानाच पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत त्यांना सोडलं, आणि नंतर ते जुहूला समुद्रकाठी राहिले. सुटका झाली, पण हातातून हातात. त्याच तुरुंगांतून खिसेकापू, दारू गाळणारे, भुरटे चोरही सुटत होते. त्यांच्यासाठी ना सिंहगड, ना जुहू.

स्वातंत्र्यानंतर हा विचार झालाच नाही, असं म्हणता येणार नाही. १९५४ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने यासाठी एक सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष होते समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले ते. 'अनुरक्षण' हा शब्द सरकारी कागदांत तेव्हापासूनचा ओळखीचा. १९८० च्या मुल्ला समितीनेही अनुरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. पण त्या काळच्या विचारात भर होता निवारा आणि रोजगार यांवर. सुटलेल्या माणसाच्या हाती शिवणयंत्र द्यावं, हे सुचलं. त्याच्या खिशात आठवड्याच्या गोळ्या असाव्यात, हे मागे राहिलं.

१९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने आर्थर रोड तुरुंगात 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. समाजकार्यकर्ता आत जातो, कैद्याशी बोलतो, घरच्यांना शोधतो, सुटल्यावर निवारा आणि काम मिळवून द्यायला मदत करतो. काम मोलाचं आहे, पण तुरुंगाचा पसारा पाहा. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आतबाहेर, आणि आत माणसं कितीतरी पट.

आता मुद्द्याची गाठ इथे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचं ९८ वं कलम सांगतं की रुग्णाला रुग्णालयातून सोडताना पुढच्या उपचाराची आखणी त्याच्याशी बोलून करा. उत्तम. पण आखणीला तारीख लागते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालू असलेले. कच्च्या कैद्याची तारीख कुणालाच ठाऊक नसते. आर्थर रोडच्या दाराबाहेर जामिनाचे कागद टाकायची पेटी आहे. पेटी उघडली, कागद निघाला, नाव पुकारलं, माणूस बाहेर. क्षयाचं औषध चालू होतं, एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत्या, मनोविकाराचं इंजेक्शन परवा द्यायचं होतं. हे त्या पेटीला कसं कळणार? २०२० मध्ये कोविडमुळे महाराष्ट्राने सुमारे १७,००० कैदी सोडायचं ठरवलं, तेव्हा हाच प्रश्न घाऊक प्रमाणात उभा राहिला.

आणि पहिले दिवसच सर्वांत घातक असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या जवळपास तेरापट होता. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००६ पासून एक दवाखाना चालतो, तिथे रोग्याला हात धरून आणणारा आरोग्यसेवक स्वतः तुरुंग भोगलेला असतो. त्याला त्या दाराबाहेरची पहिली रात्र ठाऊक असते.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. सात रस्त्याच्या चौकाला नाव आहे संत गाडगे महाराजांचं. बाबांनी ओळखलं होतं की गावाकडून आलेल्या रोग्याला डॉक्टर मिळाला तरी त्याच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा लागते. म्हणून धर्मशाळा. आजही दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयातल्या कर्करोग्यांना आधार देते. उपचाराचा अर्धा भाग इस्पितळाबाहेर असतो, हे या शहराला कळलेलं आहे. फक्त तुरुंगातून येणाऱ्या रोग्याला आपण त्या हिशेबात धरलेलं नाही.

कुणी म्हणेल, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला? पहिली गोष्ट, कच्चा कैदी अजून गुन्हेगार ठरलेलाच नसतो. दुसरी, क्षयाचं औषध मध्येच तुटलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि असा रोगी लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहाजणांबरोबर खोकतो. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी नोंदवले, तेव्हा सगळं जग दचकलं होतं.

पण मला तिसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. मी आजारी पडलो तर उठून डॉक्टरकडे जातो. कैद्याची ती मुभा आपण, म्हणजे राज्यसंस्थेने, काढून घेतलेली असते. ज्याने ती काढून घेतली, त्याच्यावर ती धडपणे परत करायची जबाबदारी येते. दार उघडलं म्हणजे ती आपोआप परत होत नाही.

करायचं काय? सुटकेची आखणी तुरुंगात आल्याच्या दिवशीच सुरू करा, कारण जाण्याचा दिवस ठाऊक नसतो. औषधांचा अद्ययावत कागद कैद्याच्या स्वतःच्या हाती असू द्या. निघताना किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या द्या. केईएम, शिवडी किंवा जे. जे., जिथे उपचार पुढे चालायचे तिथे आधी कळवा. आणि पहिल्या भेटीला सोबत एक माणूस द्या. यात नवं इस्पितळ बांधायला नको. माणसं नेमावी लागतील, आणि त्यांचा पगार कुणाच्या खात्यातून, हे गृह आणि आरोग्य या दोन खात्यांनी आधी ठरवावं लागेल. तिथेच घोडं अडलेलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.